पेशी सारख्या, जोडण्या ज्याच्या त्याच्या

दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर आवारात वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट आहे. दम्याचे, क्षयाचे, छातीच्या जुनाट विकारांचे रुग्ण तिथे येतात. मेंदूविज्ञानातला एक मोलाचा धडा या छातीच्या संस्थेने दिला आहे. अवतारसिंग पेंटल १९६४ ते १९९० या काळात तिचे संचालक होते आणि १९८१ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलेला प्रश्न साधा होता. शरीराच्या आतल्या एखाद्या कोपऱ्यातली बातमी मेंदूपर्यंत पोचते ती नेमकी कशी?

छातीतून आणि पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूत हजारो बारीक तंतू एकत्र बांधलेले असतात. सगळ्यांचे संदेश एकदम टिपले तर त्यातून काहीच कळत नाही. म्हणून पेंटल भूल दिलेल्या मांजराचा व्हेगस मोकळा करीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो उभा चिरत जात. जुडग्यातून एक पदर काढायचा, तो विद्युतअग्रावर ठेवायचा, पडद्यावर उमटणारे ठोके पाहायचे. ठोके वेगवेगळ्या उंचीचे दिसले तर पदरात अजून बरेच तंतू आहेत असे समजायचे आणि तो पुन्हा चिरायचा. एकाच उंचीचे, एकसारखे ठोके दिसू लागले म्हणजे एकच तंतू हाती लागला. मग त्याचे दुसरे टोक शरीरात कुठे आहे याचा शोध घ्यायचा.

या चिकाटीतून त्यांना फुप्फुसातल्या केशवाहिन्यांना लागून असलेली संवेदनाग्रे सापडली. त्यांचे पहिले वर्णन १९५५ साली प्रसिद्ध झाले. पुढे ती ‘जे रिसेप्टर’ म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. फुप्फुसाच्या ऊतींत पाणी साठू लागले की ही अग्रे मेंदूला खबर देतात. श्वास उथळ आणि जलद होतो, धाप लागते. देशपांडे आणि देवानंदन यांनी १९७० साली दाखवून दिले की याच अग्रांना चेतवले असता स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रिया दबतात. फार दम लागल्यावर पायांतले बळ जाते, त्यामागे हीच यंत्रणा असावी असा पेंटल यांचा विचार होता. शरीर थांबायला सांगते आणि स्नायू ते ऐकतात.

एका तंतूतला संदेश मांजरात असो की माणसात, सारखाच असतो. तिथून वर चढत तंतूकडून जोडण्यांकडे आणि जोडण्यांकडून आठवणींकडे गेले की मेंदू ज्याच्या त्याच्या आयुष्याने घडवलेला दिसू लागतो. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या संशोधनात ही चढण पायरीपायरीने दिसते.

संदेश

चेतापेशीला, म्हणजे न्यूरॉनला, एक शरीर असते, संदेश घेणाऱ्या फांद्या असतात आणि संदेश पुढे नेणारा एक लांब अक्षतंतू असतो. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू मीटरभर लांब भरू शकतो. पेशी शांत असते तेव्हा तिच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. सोडियम बाहेर जास्त आणि पोटॅशियम आत जास्त ठेवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करीत असते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण विसावलेल्या शरीराच्या ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्यातली बरीचशी ऊर्जा हा फरक टिकवण्यात जाते.

पुरेशी चेतना मिळाली की पेशीच्या आवरणातली सोडियमची दारे उघडतात आणि सोडियम आत घुसतो. आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडतो आणि सगळे पूर्ववत होते. हा खेळ साधारण एक मिलिसेकंदात आटोपतो. एका जागी दारे उघडली की शेजारची उघडतात, मग त्यापुढची. आग विझवताना गावकरी रांग लावून पाण्याची बादली हातोहात पुढे देतात, तसा हा संदेश जातो: प्रत्येक ठिकाणी नवा हात लागतो, म्हणून शेवटच्या माणसापर्यंत बादली भरलेलीच पोचते. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी हे गणित १९५२ साली मांडले आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांचा प्रयोग होता स्क्विडवर, म्हणजे कोकणातल्या माकुलावर, कारण त्याचा एक अक्षतंतू नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका जाड असतो.

इथे लक्षात ठेवण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की एकाच तंतूतला ठोका कधी लहान कधी मोठा नसतो, तो पडतो किंवा पडत नाही. हलका स्पर्श आणि जोराचा दाब यांतला फरक मेंदूला ठोक्यांच्या संख्येवरून कळतो. दुसरी गोष्ट वेगाची. ज्या तंतूंवर मायलिनचे स्निग्ध वेष्टन असते त्यांत संदेश मधल्या उघड्या जागांवरून उड्या मारत जातो आणि सर्वांत जाड तंतूंत सेकंदाला १२० मीटरपर्यंत वेग गाठतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत तोच वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो. उंबऱ्याला पायाचे बोट आपटते तेव्हा आधी एक चटकन कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो. या दोन वेदना दोन वेगांच्या तंतूंतून आलेल्या असतात.

संपर्क

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना जुळलेल्या नसून सुट्या आहेत, हे सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि हाताने चित्रे काढून मांडले. १९०६ सालचे नोबेल त्यांना कामिल्लो गॉल्जी यांच्यासोबत मिळाले. ज्या रंगवण्याच्या पद्धतीमुळे पेशी दिसल्या ती गॉल्जींची होती, पण स्वतः गॉल्जी मात्र सगळे जाळे सलग आहे या मतावर ठाम राहिले.

दोन पेशींमधल्या या जागेला सिनॅप्स किंवा संपर्कस्थान म्हणतात. रासायनिक सिनॅप्समध्ये मधली फट मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी असते. विजेचा ठोका फटीशी आला की रसायन सुटते, पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहींना चिकटते आणि तिला चेतवते किंवा दाबते. ग्लुटामेट हे मुख्य चेतवणारे रसायन, तर गाबा मुख्य दाबणारे. डोपामिन आणि सेरोटोनिन मेंदूच्या मोठ्या भागांचा एकूण सूर बदलतात. एका पेशीवर हजारो सिनॅप्स असतात आणि त्या सगळ्यांच्या बेरीज-वजाबाकीतून ती पेशी ठोका पाडायचा की नाही हे ठरवते.

पेशीपेक्षा जोडणी महत्त्वाची, हे भुकेच्या अभ्यासातही कळून आले. बालकृष्ण आनंद यांनी १९५१ साली अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रॉबेक यांच्याबरोबर उंदरांवर प्रयोग केले. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंचा छोटासा भाग नष्ट केला, तर समोर अन्न असूनही उंदीर खात नसत आणि उपाशी मरत. आनंद पुढे दिल्लीला आले आणि एम्सच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाची उभारणी त्यांनी केली. त्यांच्या या शोधामुळे ‘भुकेचे केंद्र’ ही कल्पना रूढ झाली. दोन दशकांनी असे दिसले की त्या जागेतून डोपामिन वाहून नेणारे तंतूही जातात आणि ते तुटल्यामुळेही उंदराची हालचाल करण्याची आणि खाण्याची प्रेरणा मंदावते. म्हणजे केंद्र खरे होते, पण त्याचे काम येणाऱ्या-जाणाऱ्या जोडण्यांवर अवलंबून होते. पेंटल यांनी जठराच्या ताणाची खबर देणारे तंतूही शोधले होते. जठर भरले की ती खबर व्हेगसमार्गे वर जाते आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला हातभार लावते.

आठवण

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्माराच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा, हिप्पोकॅम्पससह मेंदूचा भाग काढला गेला. फिट कमी झाल्या, पण नवी आठवण तयार होणे थांबले. काही मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्यांना पुन्हा अनोळखी वाटे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात सफाईने चालू लागला, पण आपण हे आधी कधी केले आहे हे त्यांना आठवत नव्हते. घटनांची आठवण आणि हाताच्या कौशल्याची आठवण मेंदू वेगवेगळ्या मार्गांनी करतो, हे यातून सिद्ध झाले. लहानपणच्या कितीतरी आठवणी त्यांच्याकडे शाबूत होत्या, म्हणजे हिप्पोकॅम्पस आठवण घडवतो आणि जुनी आठवण काळाने मेंदूच्या इतर भागांत रुजते.

आठवण पेशीत कशी उतरते याचे उत्तर सिनॅप्समध्ये आहे. टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी १९७३ साली सशाच्या हिप्पोकॅम्पसमधल्या तंतूंना थोडा वेळ भराभर चेतवले, तेव्हा त्या जोडण्या बळकट झाल्या आणि कित्येक तास तशाच राहिल्या. यामागची यंत्रणा पुढे उलगडली. ग्लुटामेटचा एक खास ग्राही मॅग्नेशियमच्या कणाने बुजलेला असतो. अलीकडून रसायन आले आणि त्याच वेळी पलीकडची पेशी आधीच चेतलेली असली, तरच हा बूच निघतो आणि कॅल्शियम आत येते. दोन गोष्टी एकत्र घडल्या याची नोंद पेशी अशी घेते. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीत दाखवले, की अल्पकाळची आठवण आधीपासून असलेल्या जोडणीचे बळ वाढवून तयार होते, आणि दीर्घकाळच्या आठवणीसाठी पेशीतली जनुके जागी होतात, नवी प्रथिने बनतात, नव्या जोडण्या फुटतात. त्यांना २००० साली नोबेल मिळाले. पाढे रोज थोडे थोडे म्हणून पाठ होतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी आठवड्यात ओसरते, ती याच कारणाने. प्रथिने बनायला आणि जोडण्या पक्क्या व्हायला वेळ लागतो, झोप लागते.

गुरुग्राम जिल्ह्यात मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर आहे. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ या संस्थेच्या पहिल्या संचालक, आणि डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ही संस्था राष्ट्राला अर्पण केली. तिथे नीरज जैन यांच्या गटाने पाठीच्या कण्याला जुनी इजा झालेल्या माकडांचा अभ्यास केला. हाताकडून संदेश येणे बंद झाले, की मेंदूतला हाताचा भाग काळाने चेहऱ्याच्या संदेशांना उत्तर देऊ लागतो. हा मोठा बदल मेंदूच्या पृष्ठभागावर न होता खाली मस्तिष्कस्तंभात होतो, हे या गटाने २०१४ साली दाखवले. प्रौढ मेंदूही आपल्या जोडण्या बदलतो, आणि नेमका कुठे बदलतो हे कळल्याखेरीज उपचाराची दिशा ठरत नाही.

वाचन

याच मानेसरमध्ये नंदिनी चटर्जी सिंग यांनी आपल्या अगदी जवळचा एक प्रश्न हाती घेतला: देवनागरी वाचताना मेंदू काय करतो? इंग्रजीत एकाच अक्षराचे उच्चार अनेक, शब्द बराचसा ओळखूनच वाचावा लागतो. देवनागरीत उच्चार अक्षरांवरून बांधता येतो. पण डोळ्यांना इथे जास्त काम असते. ‘किरकोळ’ हा शब्द घ्या. पहिली वेलांटी लिहिताना ‘क’च्या आधी येते आणि बोलताना नंतर. ओकाराचा काना अक्षरापुढे आणि मात्रा डोक्यावर. उकार असता तर तो पायाशी आला असता. त्यांच्या गटाच्या अभ्यासात देवनागरी वाचताना डाव्या गोलार्धातल्या भाषेच्या भागांबरोबर उजव्या गोलार्धातले भागही कामाला लागलेले दिसले.

२०११ सालचा त्यांचा अभ्यास आणखी बोलका आहे. १४ जण असे होते जे हिंदी आणि इंग्रजी वाचन पाचव्या वर्षी एकदमच शिकले, आणि दहा जण असे, जे हिंदी पाचव्या वर्षी व इंग्रजी दहाव्या वर्षी शिकले. पहिल्या गटाचा मेंदू दोन लिपींसाठी दोन वेगळ्या मार्गांवर भर देत होता. दुसऱ्या गटात इंग्रजी वाचतानाही हिंदीला लागणारा मार्गच जास्त कामाला आला. माणसे थोडी होती, त्यामुळे यावरून शाळेचे माध्यम ठरवू नये. पण लिपी कोणती आणि ती कोणत्या वयात शिकलो, याची खूण प्रौढ मेंदूत उरते एवढे नक्की दिसते. दिल्लीत वाढणारे मराठी मूल घरी आणि शाळेत मिळून दोन लिपी एकदम शिकते, तेव्हा त्याच्या मेंदूत हीच बांधणी चालू असते.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. डिस्लेक्सिया असलेले मूल बुद्धीने कमी नसते. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणाऱ्या जोडण्या त्याच्यात वेगळ्या बसलेल्या असतात. ही अडचण इंग्रजी चाचणीने तपासली तर मराठी शाळेतले मूल नुसते इंग्रजी येत नाही म्हणून नापास ठरेल. म्हणून मानेसरच्या संस्थेने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत ‘डाली’ ही चाचणी तयार केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. पण हक्क मिळवायचा तर आधी निदान हवे, आणि निदान मुलाच्या लिपीत हवे.

आजार

मेंदूचे आजार आतापर्यंत पाहिलेल्या पायऱ्यांवर मांडले की सोपे होतात. अपस्मारात पुष्कळ पेशी एकाच वेळी बेसुमार ठोके पाडतात. अशा वेळी माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये आणि फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर दवाखाना गाठावा. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायलिनचे वेष्टन झिजते. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या मध्यभागी डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, हातपाय थरथरतात, हालचाल जड होते. त्यावरचे मुख्य औषध लेवोडोपा आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही असते, पण मात्रेचा प्रश्न इतका नाजूक आहे की ते वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नये. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटतो आणि दर मिनिटाला लाखो चेतापेशी मरतात. तोंड वाकडे झाले, एक हात पडला, बोलणे अडखळले तर साडेचार तासांच्या आत, आणि जमेल तितक्या लवकर, सोय असलेल्या रुग्णालयात पोचायला हवे. गुठळी विरघळवणारे औषध त्या मुदतीत देता येते.

स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमर. यात पेशींबाहेर अमायलॉइडचे थर आणि पेशींत टाऊ प्रथिनाचे गुंते साठतात, सिनॅप्स गळू लागतात. हिप्पोकॅम्पस आजाराच्या तावडीत लवकर सापडतो, म्हणून कालची गोष्ट आधी जाते आणि लहानपणची उरते. हा आजार खेड्यात किती आहे, हे मोजण्याचा मोठा प्रयत्न दिल्लीजवळ फरिदाबाद जिल्ह्यात बल्लभगढला झाला. एम्सचे ग्रामीण आरोग्य केंद्र तिथे आहे. विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी तिथल्या गावांतल्या ५५ वर्षांवरील ५,१२६ माणसांची पाहणी केली. त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश निरक्षर होती.

इथे पहिलीच अडचण प्रश्नपत्रिकेची आली. जगभर वापरली जाणारी चाचणी शिकलेल्या माणसासाठी आहे. शंभरातून सात-सात वजा करा, हे वाक्य वाचा आणि तसे करा, एक वाक्य लिहा, असे त्यात असते. शाळेची पायरी न चढलेली म्हातारी यात नापास होणार आणि स्मृतिभ्रंशाची रुग्ण ठरणार. म्हणून या गटाने चाचणी हिंदीत नव्याने घडवली. वजाबाकी वीसमधून तीन-तीनची झाली, नाहीतर आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरचा करतो तसे डोळे मिटायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचे. घड्याळ न वापरणाऱ्याला सकाळ आहे की संध्याकाळ हे विचारायचे. विस्मरण तपासायचे तर विसरण्याजोगे असे काही विचारले पाहिजे जे त्या माणसाला कधीतरी माहीत होते. ही साधी गोष्ट या चाचणीने पाळली.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अवघे १.३६ टक्के निघाले. दर हजार माणसांमागे वर्षाला अल्झायमरचे नवे रुग्ण किती, हे पाहिले तेव्हा बल्लभगढचा आकडा ४.७ आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका खोऱ्याचा १७.५ आला. आजाराचा धोका वाढवणारे एक जनुकरूप बल्लभगढमध्ये कमी आढळले, आजारी माणसे तिथे लवकर दगावत असतील, आणि एकत्र कुटुंबात म्हाताऱ्या माणसाचे सुरुवातीचे विस्मरण कुणाला जाणवतही नसेल, अशी अनेक कारणे संभवतात. पुढे एम्स आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहकार्याने देशभर झालेल्या पाहणीतून, २०२३ साली, साठ वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आला. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट वेगळे, म्हणून आकडे शेजारी ठेवून वाढ किती झाली हे सांगता येत नाही. पण या दुसऱ्या पाहणीत प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त दिसले. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यावर हा भार जास्त पडतो.

२०२४ सालच्या लॅन्सेट आयोगाच्या अंदाजानुसार स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे १४ घटकांना आवर घातल्यास टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील. त्यात कमी शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, अधू दृष्टी, धूम्रपान, एकटेपणा आणि दूषित हवा हे घटक आहेत. दिल्लीत राहणाऱ्याला शेवटच्या घटकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बाकीचे मात्र घरात बसूनही हाताळता येतात. रक्तदाब मोजून घ्यावा, आजीला ऐकायला कमी येत असेल तर श्रवणयंत्र आणावे, मोतीबिंदू वेळेवर काढावा, आजोबांशी रोज बोलावे, मुलीला शाळेतून काढू नये. हे सगळे मेंदूच्या जोडण्या राखण्याचे काम आहे.

एक काम मात्र घराबाहेरचे आहे. वाट चुकणाऱ्या, तोच प्रश्न पुन्हा विचारणाऱ्या माणसाला ‘वय झालं’ म्हणून सोडून देणे थांबायचे असेल, तर धुळ्याच्या अहिराणी बोलणाऱ्या आजीला अहिराणीत आणि सिंधुदुर्गातल्या आजोबांना मालवणीत विचारणारे कुणीतरी जिल्हा रुग्णालयात बसले पाहिजे. शिक्षकांच्या हाती मराठी वाचनचाचणी असली पाहिजे आणि ती वापरायचे शिक्षण त्यांना मिळाले पाहिजे. चेतापेशीचे नियम जगात कुठेही शोधता येतील. आपल्या माणसांच्या जोडण्या समजून घेण्याचे काम आपल्या भाषांतच होईल, आणि ते आपणच करायचे आहे.